७२ कशाचे? सत्तरीतल्या एका काजू कारखान्याच्या ऑर्डरचं प्रकरण

२०२४ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोन आठवडेही उरले नव्हते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यातून १६८ खोके भरलेला टेम्पो चोर्ला घाट चढून बेळगावमार्गे पुण्याकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी १६१ खोके घेऊन परत आला. खरेदीदाराला १६८ पाकिटं हवी होती. एका खोक्यात २४ पाकिटं बसतात, म्हणजे त्यांना हवे होते सात खोके. पाकीट पाव किलोचं. ४२ किलो मागवलेल्या ठिकाणी १,००८ किलो काजू गेला होता.

ऑर्डर संगणकावरून आली, बिल संगणकानं काढलं, त्याची सरकारी नोंद झाली, माल वाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल निघालं, आणि या प्रत्येक टप्प्यावर १६८ हा आकडा अगदी बरोबर होता. कुठेही बेरीज चुकली नव्हती, कुणी काही विसरलं नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं. मी फोंड्याला राहतो. कुंडई, मडकई, बेतोडा भागातल्या लहान कारखान्यांच्या हिशेबाच्या प्रणाली बसवणं आणि सांभाळणं हा माझा व्यवसाय. या कारखान्याचं कामही माझ्याकडेच असल्यामुळे टेम्पो पुण्याहून परत निघाला त्या रात्री पहिला फोन मला आला. मालकांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

कारखाना आणि खरेदीदार

कारखाना एका कुटुंबाचा आहे. मालकांना आम्ही सगळे भाई म्हणतो. मार्च ते मे या काळात आसपासच्या गावांतून बिया येतात, सुकून गोदामात पडतात आणि मग वर्षभर वाफवणं, फोडणं, साल काढणं, प्रत लावणं चालू राहतं. बराचसा माल पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांत जातो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातली एक दुकानसाखळीही मोठं गिऱ्हाईक झाली. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर गेल्यामुळे १ ऑगस्ट २०२३ पासून कारखान्याला ई-इनव्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, बंधनकारक झालं. त्या वेळी मीच तिथे जाऊन हिशेबाची प्रणाली सरकारी नोंदणी-पोर्टलाला जोडून दिली होती.

दुकानसाखळीची ऑर्डर पूर्वी ईमेलवर एक्सेलच्या पानात यायची. मालाचं नाव आणि पुढे संख्या. संख्या खोक्यांची, हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. २०२४ च्या पावसाळ्यात साखळीनं नवी प्रणाली घेतली. ऑर्डरी आता इलेक्ट्रॉनिक निरोपाच्या रूपात निघू लागल्या आणि मधल्या एका सेवा कंपनीमार्फत पुरवठादारांपर्यंत पोचू लागल्या. मोठ्या पुरवठादारांच्या संगणकात तो निरोप थेट उतरत असे. लहानांसाठी पोर्टल होतं: लॉगिन करायचं, ऑर्डर बघायची, एक साधी फाइल उतरवून घ्यायची. त्या फाइलीत तीन रकाने. बारकोडचा नंबर, मालाचं नाव, संख्या.

चवथीआधीच्या त्या ऑर्डरीत चार ओळी होत्या. खारे काजू ७२, साधे ४८, मिरीचे २४, मसाल्याचे २४.

चोवीसचा पाढा

हिशेबाच्या टेबलावर ज्या ताई बसतात त्या या कारखान्यात वीस वर्षांहून जास्त काळ आहेत. फाइल उघडल्यावर त्या भाईंना म्हणाल्या, "भाई, हे सगळे आकडे चोवीसच्या पाढ्यातले कसे?"

भाई म्हणाले, "चवथ आहे ताई. गेल्या वर्षी दीडशे खोके गेलेच होते की नाही?"

उत्तर चुकीचं नव्हतं. गेल्या वर्षी खरंच तेवढा माल गेला होता. तरी ताईंना चैन पडेना. त्यांनी पोर्टलवर दिलेल्या नंबरावर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, उलट फोन आला नाही. पोर्टलवर ऑर्डरीखाली एकच बटण होतं, 'स्वीकारली'. ठरलेल्या वेळात ते दाबलं नाही तर ऑर्डर रद्द होणार होती. प्रश्न विचारायला जागा नव्हती. 'बदल सुचवा' नाही, 'नाकारली' नाही. संध्याकाळी ताईंनी बटण दाबलं.

या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त लागून राहिलेली गोष्ट हीच आहे. शंका योग्य माणसाला, योग्य वेळी आली होती. तिला वाट मिळाली नाही.

माल जमवायला म्हापशाच्या दोन दुकानदारांना "यंदा जरा थांबा" असं सांगावं लागलं. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान घ्यायला लोक म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात येतात तेव्हा काजूची पाकिटंही हातासरशी उचलतात. ती विक्री सोडून भाईंनी पुण्याची ऑर्डर भरली, कारण मोठ्या गिऱ्हाइकाला सणात कमी माल देणं त्यांना बरं वाटेना.

गोदामाच्या दारात

गोदामात काय झालं ते नंतर टेम्पोवाल्याकडून आणि तिथल्या माणसांकडून कळलं. ते ऐकून मी चकित झालो. उतरवताना प्रत्येक खोक्यावरचा बारकोड वाचला जात होता. कारखान्यानं खोक्यावर छापलेला नंबर आणि आतल्या पाकिटावरचा नंबर एकच होता. त्यामुळे यंत्र प्रत्येक खोका 'एक पाकीट' म्हणून मोजत होतं. १६८ खोके, १६८ वाचन, ऑर्डर १६८. यंत्राच्या दृष्टीनं सगळं जुळलं. या मालासाठी ठेवलेल्या जागेत सात खोक्यांपुरतीच फळी मोकळी होती. तिथल्या हमालानं सुपरवायझरला बोलावून विचारलं, "हे बाकीचे कुठे लावू?" तो प्रश्न आला नसता तर ४,०३२ पाकिटं गोदामात आणि १६८ पाकिटं हिशेबात, असा माल पडून राहिला असता आणि भांडण महिन्याभरानं निघालं असतं.

एका टोकाला ताईंनी पाढा ओळखला, दुसऱ्या टोकाला हमालानं फळी मोजली. मधल्या सगळ्या यंत्रणेनं फक्त आकड्याशी आकडा ताडून पाहिला.

सात खोके घेतले गेले, १६१ नाकारले गेले. तोवर बिल काढून २४ तास उलटून गेले होते. ई-इनव्हॉइसला मिळणारा ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक नोंदणी-पोर्टलवर फक्त २४ तासांत रद्द करता येतो, तोही पूर्ण बिलासकट. त्यातला एक भाग रद्द करता येत नाही आणि आकडा दुरुस्त करता येत नाही. चालू ई-वे बिल असेल तर रद्दही होत नाही. मग क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, आणि तिचीही वेगळी नोंदणी. दहा लाखांच्या घरातलं बिल, त्यावरचा आंतरराज्य कर, आणि वर खरेदीदाराची 'ऑर्डरपेक्षा जास्त माल आणला' म्हणून डेबिट नोट, म्हणजे आपल्याकडून पैसे कापून घेण्याची लेखी मागणी. कागद निस्तरायला पंधरा दिवस गेले. घाटातल्या पावसात काही खोके भिजले. माल परत आला तेव्हा म्हापशाच्या दुकानदारांनी दुसरीकडून काजू घेऊन ठेवले होते.

इथे एक नोंद करायला हवी. आपल्या सरकारी ई-इनव्हॉइसमध्ये वस्तूच्या प्रत्येक ओळीत एकक द्यावंच लागतं आणि ते ठरलेल्या यादीतलंच असावं लागतं. त्यामुळे कारखान्याच्या बिलात १६८ च्या पुढे 'सीटीएन', म्हणजे कार्टन, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. भाईंनी काहीही लपवलेलं नव्हतं, हे त्या एका संकेतामुळे सिद्ध झालं.

मूळ निरोप

मी भाईंना म्हटलं, पोर्टलवरून उतरवलेली फाइल पुरावा नाही. ती कुणीतरी आपल्यासाठी केलेली नक्कल आहे. साखळीच्या संगणकातून जे निघालं ते बघायला मिळालं पाहिजे. सेवा कंपनीनं सांगितलं, विक्रेत्यांना मूळ फाइल देण्याची पद्धत नाही. चार ईमेल आणि नऊ दिवसांनंतर साखळीच्याच खरेदी विभागातल्या एका अधिकारी बाईंनी ती पाठवून दिली. त्यांनाही उत्तर हवंच होतं.

फाइल उघडली तर सलग मजकूर. तीन-तीन रोमन अक्षरांनी सुरू होणारे खंड, मध्ये अधिकची चिन्हं, विसर्गासारखी दोन टिंबं, आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी एकेरी अवतरणचिन्ह. पहिल्यांदा बघणाऱ्याला गोंधळ वाटेल, पण ही भाषा जुनी आणि फार शिस्तीची आहे. तिचं नाव यूएन-एडिफॅक्ट. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९८० च्या दशकात ती तयार झाली. ऑर्डरीला 'ऑर्डर्स', ऑर्डरीच्या उत्तराला 'ऑर्डआरएसपी', माल निघाल्याच्या सूचनेला 'डेसअॅडव्ह', बिलाला 'इनव्हॉइक' अशी तिच्यातल्या निरोपांची नावं आहेत. जगभरची बंदरं, कारखाने, दुकानसाखळ्या आजही ती वापरतात.

मी खंड एकेक करून कागदावर उतरवले. 'बीजीएम' खंडात २२०, म्हणजे हा निरोप खरेदीची ऑर्डर आहे. 'एनएडी' खंडांत खरेदीदार आणि पुरवठादार यांचे तेरा अंकी स्थान-क्रमांक. मग पहिली ओळ: 'एलआयएन' खंडात खाऱ्या काजूंचा बारकोड नंबर. त्याखाली 'क्यूटीवाय', २१, ७२, पीसीई. २१ हा अंक सांगतो की पुढची संख्या मागवलेली आहे. पाठवलेली किंवा मिळालेली संख्या असेल तर वेगळा अंक येतो. पीसीई म्हणजे नग. त्याखाली आणखी एक 'क्यूटीवाय', या वेळी ५९, आणि संख्या १. ५९ चा अर्थ: मागवलेल्या एका एककात गिऱ्हाइकाला विकायची किती पाकिटं आहेत. उत्तर, एक. पुढे 'पीआरआय' खंडात किंमत, तीही एका पाकिटाची.

म्हणजे मूळ ऑर्डरीनं 'आम्हाला ७२ पाकिटं हवीत' हे तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं होतं. एककातून, पाकिटांच्या संख्येतून आणि किमतीतून. पोर्टलसाठी फाइल बनवताना हे तिन्ही गाळले गेले आणि उरला नुसता ७२. पुरवठादारांना सोपं जावं म्हणून कुणीतरी रकाने कमी केले असणार. अर्थ त्या रकान्यांतच होता.

हे सगळे संकेत मी एका रात्रीत, घरी बसून, एक रुपया न देता वाचू शकलो. एडिफॅक्टच्या निरोपांचे नमुने आणि संकेतांच्या याद्या संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही मोकळ्या आहेत. ५९ चा अर्थ काय हे मला सेवा कंपनीला विचारावं लागलं नाही, खरेदीदारालाही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फोनवर बोललो तेव्हा 'आमचं म्हणणं' आणि 'तुमचं म्हणणं' असा प्रकारच राहिला नाही. यादी समोर होती. मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलताना भाईंचा आवाज इतका ठाम मी पहिल्यांदाच ऐकला.

आमची चूक

तरीही सगळा दोष त्या गाळलेल्या रकान्यांवर टाकणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. खोक्यावर पाकिटाचाच नंबर छापला ही चूक कारखान्याची होती, आणि प्रणाली बसवताना ती मला दिसली नाही म्हणून माझीही.

बारकोडखालचा तेरा अंकी नंबर म्हणजे एका विशिष्ट वस्तूची ओळख. बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस-वन इंडिया या संस्थेकडून घेतलेल्या नंबरांची सुरुवात ८९० नं होते. (त्यावरून माल भारतातच बनला असं ठरत नाही. नंबर कुठून घेतला एवढंच कळतं.) नियम असा की ज्या पातळीवर माल मागवला, विकला किंवा बिलात लावला जाऊ शकतो, त्या प्रत्येक पातळीला स्वतंत्र नंबर हवा. पाव किलोचं पाकीट ही एक वस्तू, त्याच २४ पाकिटांचा खोका ही दुसरी. दोघांना एक नंबर दिला की संख्येचा अर्थ नंबरावरून ठरवणारं कुठलंही यंत्र हमखास फसणार.

उपाय खर्चिक नाही. खोक्यासाठी चौदा अंकी नंबर करता येतो: पाकिटाच्या नंबरातला शेवटचा पडताळा-अंक (नंबर बरोबर आहे का हे तपासणारा) गाळायचा, उरलेल्या बारा अंकांच्या डावीकडे १ लावायचा आणि नवा पडताळा-अंक हिशेबानं काढायचा. त्या गणितात उजवीकडून अंकांना आळीपाळीनं ३ आणि १ नं गुणतात. डावीकडे लावलेल्या १ च्या वाट्याला ३ येतो. म्हणून नवा पडताळा-अंक जुन्यापेक्षा तीननं कमी होतो: ७ असेल तर ४, आणि १ असेल तर मागे फिरून ८. हे ताईंना एकदा दाखवलं आणि त्यांनी चारही प्रकारांचे नंबर तोंडी काढून दिले. मी संगणकावर ताडून पाहिले. चारही बरोबर.

डब्ल्यू ३२०

भाईंना एक गोष्ट पटवून द्यायची होती. ते म्हणत, "आपण गोव्यातले लहान लोक. त्यांची पद्धत ते ठरवणार, आपण ती पाळणार." मला ते पटत नव्हतं, आणि त्यांच्याच धंद्यातला दाखला मला सापडला.

काजूगराची प्रत सांगताना ते डब्ल्यू ३२० म्हणतात. डब्ल्यू म्हणजे पांढरा अखंड गर, आणि ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर. डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०, गर मोठा. सत्तरीत प्रत लावणाऱ्या बाईला, मंगळूरच्या दलालाला आणि परदेशातल्या आयातदाराला हे शब्द एकाच अर्थानं कळतात. ही प्रतवारी कुण्या एका खरेदीदाराच्या मालकीची नाही. उद्या कुणी मोठा व्यापारी म्हणाला, "आमच्याकडे ३२० चा अर्थ वेगळा आहे, तो आमच्या पुस्तिकेत आहे, पुस्तिका विकत घ्या," तर भाई त्याला माल देतील का? ते लगेच म्हणाले, "कधीच नाही."

मग ऑर्डरीच्या बाबतीत आपण ते का सोसतो?

खुलं प्रमाण म्हणजे एवढंच. नियम सगळ्यांना वाचता यावेत, वापरायला कुणाची परवानगी लागू नये, आणि ते बदलायचे असतील तर एका कंपनीच्या खोलीत नव्हे तर सर्वांच्या समोर बदलावेत. या दिशेनं फार माणसांनी फार वर्षं काम केलेलं आहे. अमेरिकेत असे निरोप ठरवणारी एक्स-ट्वेल्व्ह समिती १९७९ सालची. १९९९ मध्ये खुली प्रमाणं बनवणारी ओएसिस आणि संयुक्त राष्ट्रांची यूएन-सीफॅक्ट या संस्था एकत्र आल्या आणि २००१ च्या मे महिन्यात ईबीएक्सएमएल ही व्यापारी निरोपांची खुली पद्धत तयार झाली. हेतू हाच होता की महागड्या खासगी जाळ्यांशिवाय, साध्या इंटरनेटवरून, लहान व्यापाऱ्यालाही मोठ्याशी व्यवहार करता यावा. त्यातूनच पुढे यूबीएल आली, ऑर्डरीपासून बिलापर्यंतच्या कागदांची भाषा, एक्सएमएल या खुल्या लेखनपद्धतीत लिहिलेली. डेन्मार्कनं २००५ पासून सरकारी खात्यांना येणाऱ्या बिलांसाठी तिचं सुरुवातीचं रूप सक्तीचं केलं. २०१५ मध्ये यूबीएल आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. युरोपात २००८ मध्ये सुरू झालेलं पेपॉल हे बिलं-ऑर्डरी पोचवणारं जाळं तिच्यावरच चालतं. आणि आपल्या जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचा आराखडा करताना याच पेपॉल-यूबीएलचा आधार घेतला गेला. भाई रोज जे बिल काढतात त्याचं मूळ तिथवर जातं.

एक तफावत मात्र मला खुपते. आपल्या देशात बिलाला कायद्यानं खुला आराखडा मिळाला, ऑर्डरीला मिळाला नाही. सरकारला कर हवा असतो आणि कर बिलावर लागतो, हे समजण्यासारखं आहे. पण व्यापारातली भांडणं बिलावर उघडी पडत असली तरी सुरू होतात ऑर्डरीवर. बिलात 'सीटीएन' लिहिणं सक्तीचं होतं म्हणून ते लिहिलं गेलं. ऑर्डरीच्या नकलेत एकक दाखवणं कुणावर सक्तीचं नव्हतं, म्हणून ते गळून गेलं. लहान उत्पादकांच्या संघटनांनी मोठ्या खरेदीदारांकडे पहिली मागणी हीच करावी असं मला मनापासून वाटतं: सोपी फाइल द्या, पण मूळ निरोपही द्या.

काय बदललं

साखळीच्या त्या अधिकारी बाईंनी पुढाकार घेतला म्हणून गोष्टी हलल्या. त्यांनी सेवा कंपनीला सांगून कारखान्यासाठी सर्व्हरवर एक सुरक्षित फोल्डर उघडून घेतलं. मूळ एडिफॅक्ट निरोप आता त्यात येतो आणि आमचं उत्तरही त्यातूनच जातं.

उत्तरावरून आणखी एक गोष्ट उघड झाली. पोर्टलवरचं ते 'स्वीकारली' बटण मागच्या बाजूला एडिफॅक्टचंच उत्तर पाठवत होतं, संकेत २९, म्हणजे 'बदल न करता मान्य'. त्याच यादीत ४ आहे, 'बदल', आणि २७ आहे, 'मान्य नाही'. विचारायची, नाकारायची, दुरुस्त करायची सोय एडिफॅक्ट या खुल्या प्रमाणात कित्येक वर्षांपासून होती. पोर्टल बनवणाऱ्यानं तिच्यातलं एकच बटण दिलं होतं. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिन्ही अंक त्यांच्या टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहिलेले दिसले.

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तो निरोप वाचतो, एकक बघतो, आणि मराठीत चिठ्ठी काढतो: 'खारे काजू, ७२ पाकिटं, ३ खोके'. ऑर्डर खोक्यांत आली असेल तर तसं लिहितो. एकक नसेल, किंवा २४ नं भाग जात नसेल, किंवा ऑर्डरीतली किंमत आपल्या दरपत्रकाशी जुळत नसेल तर थांबतो आणि माणसाला विचारतो. एककांच्या यादीत जरा वेळ गेला, कारण आंतरराष्ट्रीय यादीत किलोला केजीएम आणि डझनाला डीझेडएन असतं, तर आपल्या जीएसटीच्या यादीत तेच केजीएस आणि डीओझेड. त्यासाठी एक जुळणीचा तक्ता केला. तो तक्ता मी आता दुसऱ्या दोन कारखान्यांतही वापरतो.

कागदावरही एक काम झालं, आणि मला ते प्रोग्रॅमपेक्षा मोलाचं वाटतं. ईबीएक्सएमएलमध्ये एक सुंदर कल्पना होती: प्रत्येक कंपनीनं आपण काय पाठवू शकतो, काय स्वीकारू शकतो हे आधी जाहीर करायचं, दोघांचं जुळतं ते घेऊन व्यवहाराचा करार तयार करायचा आणि मगच पहिला निरोप पाठवायचा. ती यंत्रांसाठीची व्यवस्था होती. आम्ही तीच दोन पानांवर माणसांसाठी लिहिली. संख्या नेहमी नगांत. प्रत्येक ओळीत एकक. खोक्याला वेगळा नंबर. उत्तर गेल्याशिवाय माल निघणार नाही. पद्धतीत बदल करायचा तर तीस दिवस आधी, दोन्हीकडच्या ठरलेल्या माणसांना लेखी कळवून. भाईंनी आणि साखळीच्या खरेदी प्रमुखांनी सह्या केल्या. डेबिट नोट मागे घेतली गेली. टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं आणि भिजलेले खोके मात्र कारखान्याच्याच अंगावर पडले.

जुने नंबर छापलेले रिकामे खोके बरेच शिल्लक होते. ते टाकून देणं भाईंच्या जिवावर आलं, म्हणून दोन महिने पॅकिंगच्या मुली त्यावर नव्या नंबराची चिठ्ठी चिकटवत होत्या.

२०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. त्याआधी तीन आठवडे साखळीची ऑर्डर आली. तीन ओळी सरळ गेल्या. मिरीच्या काजूंच्या ओळीत १०० नग होते आणि प्रोग्रॅम थांबला: '४ खोके, वर ४ पाकिटं'. ताईंनी भाईंना विचारलं नाही. काचेखालच्या कागदाकडे बघून त्यांनी ४ हा संकेत निवडला, १०० च्या जागी ९६ लिहिलं आणि उत्तर पाठवलं. अर्ध्या तासात साखळीकडून बदललेली ऑर्डर आली, ९६, पीसीई. ताईंनी चिठ्ठी काढली, तिच्यावर '४ खोके' या शब्दांखाली पेनानं रेघ ओढली आणि ती पॅकिंगच्या खोलीत पाठवून दिली.